डब्यात राहिलेली लग्नं

दादा, ती एटापल्लीकडची बाई काल परत आली होती. तिचं आणि माझं काय झालं ते तुला सांगायचं आहे. पण ते सांगायचं तर आधी तुझ्याशी भांडावं लागेल, कारण अर्धं भांडण तू तसंच टाकून गेलास. असं कोणी जातं का रे? माणूस समोरच्याला निदान बोलू तरी देतो.

तू गेल्याला अजून तीन महिने झाले नाहीत. स्टुडिओचं शटर आता मी उघडते. गोंडपिपरीतले लोक अजून तुझ्याच नावाने दुकान ओळखतात. काउंटरवर मला बघतात आणि विचारतात, "भाऊ नाई काय?" पहिले काही दिवस मी सगळ्यांना सांगत होते. मग सांगून सांगून जीव विटला. आता मी म्हणते, "काय काम आहे ते सांगा." त्यांना वाटतं तू शूटिंगला बाहेरगावी गेला आहेस. वाटू दे.

तुझ्याबद्दल बोलताना सगळे म्हणतात, फार शांत माणूस होता. मी ऐकून घेते. शांत! तुझं शांत राहणं म्हणजे काय ते मला विचारा म्हणावं. तू रागावलास की आवाज चढवत नव्हतास, बोलणंच बंद करायचास. आणि मी तुझीच बहीण, तुझ्यापेक्षा दोन दिवस जास्त गप्प बसून दाखवायची. आई म्हणायची, "या दोघायच्या मधात मी पोस्टमन झाली बापा." मिताले सांग जेवाले ये म्हनून. दादाले विचार चार्जर कुठी ठेवला. एका घरात राहून, एका दुकानात मधे कापडी परदा टाकून दहा-बारा फुटांवर बसून हे चालायचं.

तू शूटिंग करायचास, मी एडिटिंग. धंदा आपला लग्नांचा, पण तू तो मयतीसाठी चालवतोस, असं मी तुला तोंडावर म्हटलं होतं. तुला ते लागलं नाही. तू म्हणालास, "बरोबर आहे." कारण खरंच तसं होतं. आपल्याकडे खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, आणि त्यात तर भला माणूससुद्धा चोर दिसतो. घरात कोणी गेलं की पोरं डोकं धरून बसतात. मग एखाद्याला आठवतं की बाबा अमक्याच्या लग्नात होते, पंगतीत बसले होते, पिवळा दुपट्टा होता खांद्यावर. की निघाले आपल्या दुकानाकडे. त्यांच्याकडे तेरवी, आपल्याकडे पुण्यानुमोदन, फोटो सगळ्यांनाच लागतो. आणि तू हातातलं काम बाजूला सारून त्या लग्नाचे तीन-चार तास डोळ्यांत तेल घालून बघायचास. पंगतीतला तो म्हातारा सापडला की त्याला तिथून अलगद उचलायचास, मागची पत्रावळी पुसायचास, तोंडावरचं ऊन कमी करायचास आणि फ्रेमपुरता मोठा करून द्यायचास. लोक फोटो हातात घेऊन दुकानातच रडायचे. मी आत जाऊन बसायची, मला ते सहन व्हायचं नाही.

म्हणून तू एकही लग्न पुसत नव्हतास. बाकीचे स्टुडिओवाले पेन ड्राइव्ह देतात, सहा महिन्यांनी मोकळे होतात. तुझ्याकडे तेरा वर्षांची लग्नं साठली होती, कपाटभर डिस्का, त्यावर खडूने नावं. सगळी एका मोठ्या डिस्कवर उतरवून जुन्या रिकाम्या करायच्या आणि ती आपल्या दोघांच्याही कॉम्प्युटरवर दिसावीत, त्यातून तो सर्व्हर निघाला.

बंद पडलेल्या इंटरनेट कॅफेमधला तो जुना संगणक तू आणलास तेव्हा मी म्हटलं होतं, आता हे भंगार कशाला. तू त्याच्यात लिनक्स टाकलंस. व्हिडिओ बघून बघून शिकलास आणि मग मला शिकवायला बसलास, मी विचारलं नव्हतं तरी. "हे पाह्य मिते, ही मशीन म्हंजे घर. घरात मी एक डबा ठेवला, त्याले कंटेनर म्हंतेत. आपल्या दोन्ही कॉम्प्युटरले फाईल वाढून द्याचं काम डब्यातला सर्व्हर करन. पन लग्नं डब्यात नाई ठेवाचे. लग्नं बाहेरच्या मोठ्या डिस्कवर. डब्याले फक्त त्या डिस्ककडं उघडनारी खिडकी."

"मंग डबा पाह्यजेच काऊन? सरळ घरातच ठेव नं सर्व्हर."

"अवं, मी उद्या काईतरी बिघडवीन."

"ते तं बिघडवशीनच."

"तवा फक्त डबा बिघडन. पुसाचा, दुसरा बनवाचा, दहा मिनिटाचं काम. लग्नायले धक्का नाई."

पहिले तू त्या डब्यात एनएफएस नावाचा सर्व्हर बसवायला गेलास. तीन आठवडे झाले तरी तो चालेना. डबा तू मुद्दाम कमी अधिकारांचा केला होतास, आणि त्या सर्व्हरला मशीनच्या पार गाभ्यात हात घालायचा असतो. डब्यातून तो हात पोचत नव्हता. मी म्हटलं, देऊन टाक सगळे अधिकार. तू म्हणालास, "सगळे अधिकार देल्ले तं डब्याचा अर्थच काय राह्यला?" शेवटी निमूटपणे सांबा नावाचा दुसरा, साधा सर्व्हर बसवलास. मग नवा घोळ. फाईलच्या मालकाच्या जागी मशीन 'नोबडी' दाखवायची, म्हणजे कोणीच नाही. डब्यातला एक नंबरचा माणूस बाहेर आला की लाखाच्या पुढचा कोणीतरी होतो, असं तू मला अर्धा तास समजावत होतास. मी म्हटलं, आपल्या सरपंचासारखं, गावात राजा आणि चंद्रपूरले गेला की कोनी ओळखत नाई. ते तुला इतकं पटलं की तू वहीत लिहून घेतलंस. तुझी वही आहे माझ्याजवळ. त्यात आकडे आणि कमांडांच्या मधोमध सरपंच आहे.

आणि ज्या दिवशी माझ्या आणि तुझ्या दोन्ही पडद्यांवर एकाच वेळी एकच लग्न दिसलं, त्या दिवशी तू तर्री-पोहे घेऊन आलास आणि चार वेळा उठून माझ्या पडद्यावर बघून गेलास. तेवढं खूश मी तुला फार कमी वेळा पाहिलं. हे तुला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी म्हटलं, तर्री पातळ आहे.

भांडण जानेवारीत झालं. चूक माझी होती, हे आता लिहून देते. मोठी डिस्क भरत आली होती, लग्नसराई तोंडावर, आणि तू नवी डिस्क आणतो आणतो म्हणत होतास. मी एक जुनं लग्न पुसलं. फक्त एक. नऊ वर्षांपूर्वीच्या लग्नाचं आता कोण विचारणार, असं मला वाटलं. पंधरा दिवसांत माणूस आला. त्याची आई गेली होती आणि त्याच लग्नात ती हळद लावताना होती. तू त्याच्यासमोर शोधत बसलास, तो तुझ्या मागे उभा राहून बघत होता, आणि मी आतून ऐकत होते. शेवटी तू त्याला हात जोडलेस. तो गेल्यावर मी आधीच ओरडले, कारण अंगावर येणार हे ठाऊक होतं. म्हटलं, "साऱ्या जिल्ह्यातल्या मेलेल्या माणसायचा ठेका आपनच घेतला काय?" तू म्हणालास, "कोनीतरी घ्याले पाह्यजे नं." आणि तुझं तोंड बंद झालं. माझंही झालं.

मग फेब्रुवारीत एका सकाळी मी कॉम्प्युटर लावला तर सगळी जुनी लग्नं गायब. सर्व्हरवर एकच फोल्डर, या हंगामाचं, नवंकोरं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला वाटलं, तू माझ्यापासून लपवलीस. बहिणीने एक पुसलं म्हणून बाकीच्यांना कुलूप घातलंस, मला चोर ठरवलंस. त्या क्षणी मी परदा सारून विचारलं असतं, "दादा, जुनं काऊन दिसून नाई राह्यलं?" एवढंच, एक वाक्य, तर आज ही वेळ आली नसती. मी विचारलं नाही. मी आईला म्हटलं, त्याले सांग, मले काई फरक पडत नाई. आईला काही समजलं नाही. तिने तो निरोप तुला दिला की नाही, कोण जाणे.

हंगाम तसाच गेला. चिठ्ठ्यांवर काम चाललं. 'अल्बमची साईज विचार.' 'शुक्रवारी आष्टी.' मग ते एटापल्लीपलीकडच्या गावचं लग्न आलं. नवरदेव आपल्या इकडचा, नवरी जंगलातल्या गावातली, म्हणून तू दोन दिवस तिकडेच राहिलास. परत आलास तेव्हा धुळीने भुवया लाल झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी लगेच दुसरं लग्न होतं, म्हणून कार्डातलं सगळं सर्व्हरवर टाकलंस आणि कार्डं रिकामी केलीस. मग परद्याच्या पलीकडून तुझा आवाज आला, "मिते, एटापल्लीच्या लग्नात पोरीचा बाप असा हासला नं, का सांगू. पाहून घेजो."

कित्येक आठवड्यांनी तू माझ्याशी बोललास. तो समेट होता. मला तेव्हाही कळलं होतं, उगाच खोटं कशाला सांगू. माझ्या कानात हेडफोन होते, त्यातून काहीही वाजत नव्हतं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. तू थोडा वेळ थांबलास, खुर्चीचा आवाज आला, आणि तू कामाला लागलास.

बारा-तेरा दिवसांनी तुला ताप आला. हंगामात ताप म्हणजे आपल्याकडे गोळी घ्यायची आणि कॅमेरा उचलायचा. तू दोन लग्नं तापातच केलीस. जंगलातून आल्यावर आलेला ताप आहे, रक्त तपास, हे आई म्हणाली, शेजारचे म्हणाले. मी म्हटलं नाही, कारण मी बोलत नव्हते. तिसऱ्या लग्नाला तुझ्याने उठवलं नाही. मलेरिया डोक्यात गेला होता. चंद्रपूरला नेलं तेव्हा तू आईला ओळखत नव्हतास. चार दिवस मी तुझ्या खाटेपाशी बसून अखंड बोलत होते, दादा. जानेवारीपासूनचं सगळं बोलले. माफी मागितली, शिव्या दिल्या, भैताड म्हटलं, पाया पडले. नर्सबाई म्हणाल्या, थोडं पाणी प्या. तू ऐकलंस का, हे कोणीच मला सांगू शकत नाही. मी विचारलंही होतं डॉक्टरांना.

पुण्यानुमोदन झाल्यावर मी दुकान उघडलं. तुझ्या फ्रेमसाठी फोटो शोधावा लागला नाही, आपल्याकडे ढीग आहेत. सर्व्हर लावला तर तो काही घेईना, जागा संपली म्हणाला. अल्बम अडकले, फोन सुरू झाले. मी तुझी वही काढली. तुझं अक्षर, सगळं ओळीने लिहिलेलं. डबा बिघडला तर घाबरायचं नाही. आधी जुन्या डब्याच्या सेटिंगची फाईल छापून ठेवायची. मग डबा थांबवायचा, पुसायचा, नवा बनवायचा, बाहेरची डिस्क जोडायची. तुझ्या हाताखाली मी हे एकदाही केलं नव्हतं. मला वाटलं, निदान हे तरी तुझ्या सांगण्याप्रमाणे करावं. आयुष्यात एकदा तरी.

फाईल छापली, ड्रॉवरमध्ये ठेवली. डब्याचा आकार पडद्यावर दिसत होता, भला मोठा. ज्याच्यात काही ठेवायचंच नाही असं तू म्हणायचास, तो डबा एवढा जड कसा? मनात आलं. आलं आणि गेलं. तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं की काय, असं म्हणून मी पुढे गेले. मशीनने मला विचारलं, खरंच पुसायचा का. खात्री असेल तर डब्याचा नंबर टाइप करा म्हणाली. मी टाइप केला, एकशे तीन.

नवा डबा उभा राहिला. डिस्क जोडायची म्हणून मी मागच्या सगळ्या वायरी काढल्या, धूळ पुसली, पुन्हा घट्ट लावल्या. आणि दादा, सगळी जुनी लग्नं पडद्यावर आली! तेरा वर्षांची, ओळीने. मी आईला फोन केला, म्हटलं, आई, दादाचं कुलूप उघडलं. मी रडले, हसले, दिवसभर दुकानात नाचल्यासारखी फिरत होते. मला वाटलं तुझा राग गेला. संध्याकाळी एका नवरदेवाचा अल्बम करायला बसले आणि या वर्षीचं फोल्डर शोधू लागले. ते नव्हतं. कुठेच नव्हतं.

तेव्हा ती छापलेली फाईल वाचली. तिच्यात वरती काही ओळी असतात, पुढे फुली-रेघांचं चिन्ह असतं. त्या ओळी मशीन वाचत नाही, त्या माणसांसाठी असतात, हे तूच शिकवलं होतंस. डिस्कच्या खिडकीची ओळ तू त्या चिन्हाने बंद करून ठेवली होतीस. आणि खाली इंग्रजी अक्षरांत आपली भाषा: 'डिस्क दिसून नाई राह्यली. सध्या डब्यातच. मिताले सांगाचं आहे.'

तू माझ्यापासून काहीच लपवलं नव्हतंस. लाइट गेली-आली असेल, वायर सैल झाली असेल, डिस्क दिसेनाशी झाली. डिस्क नाही म्हणून डबा सुरू होईना, आणि दारात हंगाम. तू ती एक ओळ बंद केलीस आणि लग्नं डब्यातच भरत गेलास. स्वतःचा नियम स्वतः मोडलास, नंतर बघू म्हणून. आणि मशीनला सांगितलंस की मिताला सांगायचं आहे! अरे भैताडा, मी परद्याच्या पलीकडे बसले होते. मला सांगायचं ते मशीनला काय सांगतोस? तो कागद घेऊन मी त्या दिवशी तुला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या जन्मात दिल्या नसतील. आणि त्याच कागदाची मी घडी करून जवळ ठेवली आहे, कारण त्यावर माझं नाव आहे आणि तू मला चोर म्हटलेलं नाहीस.

चंद्रपूरला एक जण डिस्कमधून पुसलेलं परत काढून देतो. त्याच्याकडे मशीन घेऊन गेले. त्याने आठ दिवस ठेवली. म्हणाला, साध्या डिस्कवरचं पुसलेलं असतं तर काही हाती लागलं असतं. हे डब्याचं प्रकरण वेगळं, डबा पुसला की त्याची जागा लगेच मोकळी होऊन दुसऱ्याला मिळते, आणि तुम्ही तर त्यावर नवा डबा बसवला. डब्याची कॉपी ठेवत होते का भाऊ? मी म्हटलं, नाही. डबा तर फेकायचाच असतो नं.

तुझी बरीच लग्नं लोकांना पोचली होती. तीन राहिली होती. दोन घरचे आले, ओरडले, मी मान खाली घालून ऐकलं. तिसरं एटापल्लीचं.

भाताच्या रोवणीचे दिवस होते. दुपारी एक बाई पायरीवर चपला काढून आत आली, पिंढरीपर्यंत चिखल वाळलेला. दोन बसा बदलून आली होती. "भाऊ कुठी आहेत?" या वेळी मला काय काम आहे म्हणवलं नाही. मी सांगितलं, नाई राह्यले. ती मटकन स्टुलावर बसली. "माय वं! ते बी?" मग सांगत गेली. सुमनबाई नाव. तिच्या मुलीचं लग्न तू केलंस. तिचा माणूस, दौलत, आठवड्यामागे बांधावर बसल्या बसल्या गेला. "तेरवी रविवारी आहे. मले त्याचा फोटो पाह्यजे, हासत असलेला."

मी म्हटलं, कोणता?

"मी तवा आत भात वाढून राह्यली होती. बाहेर त्याचं काय झालं मले नाई मालूम. तो आमचा लय गंभीर मानूस, ताई. तीस वर्षं संसार केला, मिशीतल्या मिशीत काय हासला असन तं असन. तुमचे भाऊ आत आले, मले म्हने, बाई, तुमच्या मानसाचं हासू पकडलं म्या, कवा येऊन पाहून जाजा. मी म्हटलं, आता काम करू द्या भाऊ, मंग पाहू." तिने पदराने तोंड पुसलं. "आता पाह्याले आली."

मला खरं सांगवलं नाही. मी म्हटलं, शनिवारी या, शोधून ठेवते. तू कधी कोणाला असं खोटं सांगून पाठवलं नव्हतंस. त्यानंतरचे चार दिवस मी नवरीला, नवरदेवाला, त्यांच्या मित्रांना फोन केले. मोबाइल सगळ्यांकडे होते. सगळ्यांनी नवरा-नवरी काढले, नाच काढला, स्वतःला काढलं. नवरीचा बाप एकाच फोटोत होता. पाण्याचा ड्रम ढकलत होता, आपल्याकडे पाठ करून.

काल ती आली. मी सगळं सांगितलं. कंटेनर बिंटेनर नाही, एवढंच, की फोटो होता, भावाने जपून ठेवला होता, आणि माझ्या हाताने पुसला गेला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुमी काऊन पुसान मुद्दाम? होते असं." मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिच्याजवळचं आधार कार्ड घेतलं, म्हटलं, बाई, हल्ली मोबाइलवर फोटो हसरा करता येतो, दोन मिनिटांत करून देते, कोणाला कळणारही नाही. ती म्हणाली, "तसं नोको, ताई. ते हासू कोनाचं होईन?"

मग तिने मला विचारलं. फार आशेने विचारलं रे. "तुमी तं पाह्यला असन नं पडद्यावर? तुमी ते कामच करता. सांगा नं मले, कसा हासून राह्यला होता?"

मी पाहिला नव्हता. तू सांगूनही पाहिला नव्हता. ज्याने ते हसू बघून ठेवलं तो तूही तिला सांगायला उरला नव्हतास, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, हो, पाहिला. आणि सुरू झाले. म्हटलं, पहिले तर आवाजच नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग मान मागे गेली. डावा डोळा अगदी मिटला, उजवा थोडा उघडा राहिला. हाताने मांडीवर थापट्या मारत होते, पुरे पुरे म्हणत होते, आणि हसू थांबलं की शेवटी एक उचकी लागली, तिला पाहून पुन्हा हसले. मला कुठून सुचत होतं माहीत नाही. माझं बोलणं थांबतच नव्हतं, आणि ती बाई मान हलवत नव्हती, नुसती ऐकत होती.

मी थांबले तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"पोरी," ती म्हणाली, "हा माया मानूस नाई. असे तुमचे भाऊ हासत होते. लग्नात जेवताना पाह्यलं होतं मी."

तिने आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून मागितला, जसा आहे तसा. मी करून दिला. तिने तो पदराखाली धरला, चपला घातल्या आणि आष्टीची बस गाठायला निघाली.

पंगतीत एवढी कामं होती तिला, दादा, तरी एकदाच पाहून तिने तुझं हसणं लक्षात ठेवलं. तिच्या माणसाचं माझ्या पडद्यावर एक बटण दाबण्याएवढ्या अंतरावर होतं, किती दिवस होतं, आणि मी पाहिलं नाही.